आपल्याकडून ओके आहे

पिंपळे गुरवात बंद पडलेल्या कुठल्याही यंत्राची कथा एकाच वाक्याने सुरू होते : ‘परवापर्यंत चालू होतं.’ पाण्याची मोटर असो, लिफ्ट असो, मिक्सर असो, नाहीतर दहावीतल्या मुलाचा अभ्यास असो. या वाक्यात आम्ही हात लावलेला नाही अशी ग्वाही असते, आणि आता तुम्ही हे परवाच्या अवस्थेत आणून द्या असा हुकूमही असतो. परवा आणि आज यांच्या मध्ये काय झालं, हे विचारणाऱ्याला आगाऊ समजतात. फारच लावून धरलं तर खाली बघत उत्तर येतं, ‘तसं काही नाही, जरा अपडेट केलं होतं फक्त.’

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. खाली चष्म्याचं दुकान, वर ब्यूटी पार्लर, जिन्यात तिघांच्या पाट्या एकमेकींना ढोसत असतात. सृष्टी चौकाकडून काटेपुरम चौकाकडे चालत जा, असे क्लास दिसतील. एमएस-सीआयटी, टॅली, आणि राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा, मराठी तीस शब्द मिनिटाला. क्लासच्या सरांकडे वीसेक मशीन आहेत, बहुतेक हिंजवडीच्या कंपन्यांनी काढून टाकलेली. हिंजवडीचं माणूस काय आणि हिंजवडीचं मशीन काय, दोन्ही शेवटी पिंपळे गुरव-सौदागरातच राहायला येतात. फरक इतकाच, की मशीनला हप्ते नसतात.

मी चाकणला एका कारखान्यात आयटी सांभाळतो. इमारतीत हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याची किंमत मी वेळोवेळी चुकवत असतो. स्मार्ट टीव्हीपासून गीझरच्या टायमरपर्यंत ज्याला वायर आहे ते माझ्या खात्यात येतं. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करत चाकणचा तळेगाव चौक गाठायचा आणि संध्याकाळी तोच चौक उलटा ओलांडून यायचं, एवढं झाल्यावर माणसाला घरी चहा मिळावा. मला जिन्यातच सर मिळतात.

क्लासमध्ये एकेक मशीन वेगवेगळं सांभाळणं म्हणजे जन्माचं काम. टंकलेखनासाठी रेमिंग्टनचा कळफलक बसवा, मराठी फॉन्ट टाका, सरावाचं सॉफ्टवेअर टाका, प्रिंटर जोडा. हे केल्यावर एखादा चिरंजीव सराव सोडून जीटीए व्हाइस सिटी टाकतो, दुसरा तारखा बदलतो, तिसऱ्याला कळफलकाची भाषा बदलायची कळ सापडते आणि पुढच्या बॅचच्या ताई ‘सर, माझ्याकडे सगळं उलटंच उमटतंय’ म्हणून हात वर करतात. म्हणून शहाणे लोक एक मशीन नीट सजवतात, त्याच्या अख्ख्या हार्ड डिस्कची प्रतिमा काढून ठेवतात, आणि बाकीच्यांवर तीच उतरवतात. बाजारात याला इमेज मारणं म्हणतात. पूर्वी घोस्ट मारणं म्हणायचे. घोस्ट हे १९९५च्या सुमाराचं न्यूझीलंडचं सॉफ्टवेअर, मरे हॅझर्ड नावाच्या गृहस्थाने लिहिलेलं. १९९८ साली ते सिमँटेकने विकत घेतलं आणि त्याला नॉर्टन हे आडनाव लागलं. एके काळी संगणक दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक पोऱ्याच्या बॅगेत त्याची एक सीडी असायची आणि तिच्यावर मार्करने ‘भूत’ लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पुढे २००७ साली चक सिपर्स्की आणि जियान झांग या दोघांनी तेच काम नेटवर्कवरून आणि फुकटात करणारं फॉग काढलं. नावाचा विस्तारच मुळी फ्री ओपन सोर्स घोस्ट असा. फुकट हा शब्द वाचल्यावर सरांनी पुढची पानं वाचली नाहीत. क्लासमध्ये फॉग बसला.

फॉग एका जुन्या मशीनवर सर्व्हर म्हणून राहतो. हे मशीन पाण्याच्या पिंपाशेजारी, टेबलाखाली, ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी लावून ठेवलेलं आहे. बाकीची मशीन सकाळी चालू झाली की आपल्या पोटातल्या डिस्ककडे न बघता आधी नेटवर्ककडे बघतात. ही पद्धत पीएक्सई या नावाने इंटेलने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घालून दिली, तिची सध्याची आवृत्ती १९९९ची आहे. मशीन उठतं ते स्मृतिभ्रंश झालेल्या अवस्थेत. ते वायरीत तोंड घालून ओरडतं, माझा पत्ता काय? राउटर पत्ता देतो. मग ते विचारतं, आता मी काय करू? त्याला सांगितलं जातं, अमुक सर्व्हरकडे जा आणि तमुक नावाची फाइल माग. ही फाइल मिळते टीएफटीपी नावाच्या पद्धतीने. तिचा नियम १९८१चा आहे. पासवर्ड नाही, ओळख नाही, जो मागेल त्याला द्यायचं. मात्र मूळ नियमानुसार एका वेळी ५१२ बाइट, आणि ‘पोचलं’ असं उत्तर आल्याशिवाय पुढचे ५१२ नाहीत. तेवढ्यात एक छोटा प्रोग्रॅम आत येतो, तो शुद्धीवर येऊन जरा वेगाने दोन मोठ्या फाइली ओढतो. पहिली लिनक्सचा कर्नल. दुसरी त्या कर्नलला राहायला लागणारं तात्पुरतं बिऱ्हाड, तिचं नाव इनिट. प्रत्येक फाइल आली की पडद्यावर तिच्या नावापुढे टिंबं, टक्के आणि शेवटी ‘ओके’ उमटतं.

या ‘ओके’ने पुढे घात केला.

झालं असं, की विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप लागते आणि टीपीएम २.० लागतं. सरांच्या निम्म्याअधिक मशीनकडे यातलं काही नव्हतं. ती मशीन चालणार नाहीत हे मायक्रोसॉफ्टने ठरवलं, ती टाकायची नाहीत हे सरांनी. मधला मार्ग म्हणून त्यांनी थोडी नव्या पिढीची जुनी मशीन घेतली. आता या मशीनची नेटवर्क कार्डं क्लासमधल्या फॉगच्या जुन्या कर्नलला ओळखू येणारी नव्हती. तेव्हा हिंजवडीत नोकरी करणारा सरांचा भाचा बुधवारी रात्री आला. ‘मामा, सोपं आहे, फक्त एंटर एंटर करायचं,’ असं म्हणून त्याने सर्व्हर अद्ययावत केला, वीसच्या वीस मशीनना नवी इमेज घेण्याचा आदेश एकदम लावून ठेवला, म्हणजे कसं, शुक्रवारी सकाळी मशीन चालू झाली की आपोआप सगळं होऊन जाईल, आणि कंपनीच्या कामासाठी जर्मनीला जाणाऱ्या विमानात बसला. गुरुवारी आमच्याकडे देखभाल-दुरुस्तीसाठी लाइट जाते, म्हणून क्लासला सुट्टी. अपग्रेड नीट मुरायला एक दिवस मिळाला.

शुक्रवारी सकाळी सातच्या बॅचने मशीन चालू केली. कर्नल, ओके. इनिट, ओके. त्यानंतर पडद्यावरून अक्षरांचा लोंढा वाहून गेला आणि शेवटी एक ओळ थांबली : कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, अनेबल टू माउंट रूट एफएस. आणि कळफलकावरचे कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे एकसाथ लुकलुकायला लागले.

हे दिवे मुद्दाम सांगतो, कारण ते पाहण्याचं भाग्य हल्ली दुर्मीळ आहे. जुन्या गोल पिनेच्या कळफलकावर, कर्नल कोसळला की पडदा काळा असला तरी कळावं म्हणून लिनक्स हे दिवे मिचकावतो. सरांचे कळफलक त्याच जमान्यातले. रांगेने कळफलक, प्रत्येकावर दोन दिवे, सकाळचे सात, खिडक्यांना पडदे. एका काकूंनी नमस्कार करायचाच बाकी होता. बॅचला वाटलं, काहीतरी चालू आहे. ‘सर, होतंय वाटतं, लाइट लागतेय,’ म्हणून सगळे हात मांडीवर ठेवून बसून राहिले. अर्ध्या तासाने पुढची बॅच आली आणि तीही बसली.

कर्नल पॅनिक या गोष्टीबद्दल मला व्यक्तिशः आदर आहे. त्यातल्या ‘नॉट सिंकिंग’चा अर्थ असा, की कर्नल म्हणतो, मी इतका गोंधळलो आहे की माझ्या डोक्यात आत्ता जे आहे ते डिस्कवर लिहिणं धोक्याचं आहे, तेव्हा मी काही लिहिणार नाही, इथेच थांबतो. घाबरल्यावर काही लिहायचं नाही, एवढी अक्कल त्याला आहे. आमच्या सोसायटीचा ग्रुप नेमका घाबरल्यावरच लिहितो. त्या दिवशी सव्वासातला पार्लरवाल्या ताईंचा मेसेज पडला, ‘क्लासमध्ये व्हायरस आला आहे, कुणीही वायफाय वापरू नये.’

मी रात्रपाळीचं काम उरकून नुकताच आलो होतो. जिन्यात सर होते. ‘परवापर्यंत चालू होतं,’ ते म्हणाले.

आत तज्ज्ञ जमले होते. इंटरनेटवाला मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. त्याला बोलावण्यामागे तर्क असा, की पडद्यावर नेटवर्क लिहून येतं म्हणजे नेट गेलं. वास्तविक या सगळ्या खटाटोपात इंटरनेटचा काडीचा संबंध नाही, वायर पिंपाजवळच्या सर्व्हरपर्यंतच जाते. पण आपल्याकडे नेट म्हणजे नेट. त्याने पिंग करून दाखवला, स्पीड काढून दाखवला, आणि उठता उठता या परिसराचं ब्रीदवाक्य उच्चारलं : ‘सर, आपल्याकडून ओके आहे.’ हार्डवेअरवाला आला. त्याने एका मशीनची रॅम काढली, शाळेच्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली, परत बसवली. दिवे लुकलुकले. ‘रॅम तर ओके आहे,’ असं म्हणून त्याने पुढचं मशीन उघडलं. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग बघितलं. ओके. यूपीएसवाला फोनवरच ओके म्हणाला. मला वाटतं, जगात बिघाड होत नाहीतच. सगळीकडून ओके असतं, फक्त चालत नाही.

अशा वेळी तपासाला खरी कलाटणी मिळाली ती झाडूपोछा करणाऱ्या मावशींमुळे. फरशी पुसताना त्यांच्या हाताने कोपऱ्यातल्या मशीनची लॅनची वायर निघाली. त्या मशीनवर बसलेल्या मुलाने चिडून ते बंद-चालू केलं. पडद्यावर क्षणभर ‘चेक केबल’ असं काहीतरी आलं, आणि मशीन सुरळीत चालू झालं. रेमिंग्टन, मराठी फॉन्ट, जीटीए, सगळं जागच्या जागी.

क्लासमध्ये एकच गलका झाला. त्याचा अर्थ उघड होता. ज्या मशीनची वायर काढली ते चालतं, म्हणजे वायर खराब. शिवाय मशीन स्वतःच केबल तपासा म्हणतंय, आणखी काय पुरावा पाहिजे? सरांनी सगळ्या लॅन वायरी बदलायचा निर्णय तिथल्या तिथे घेतला आणि इंटरनेटवाल्या मुलाला जिन्यातून परत बोलावलं. मी सांगायचा प्रयत्न केला, की वायर काढल्यावर नेटवर्कचा रस्ता बंद झाला, म्हणून मशीन नाइलाजाने आपल्या पोटातल्या डिस्ककडे वळलं, आणि डिस्कवर जुनं विंडोज अजून शाबूत आहे. म्हणजे नेटवर्क उत्तम चालतंय आणि वायर इतकी चांगली आहे की तिच्यातून बिघाडसुद्धा वेळेवर पोचतोय. यावर सर म्हणाले, ‘ते तुमचं थिअरीचं झालं.’ मात्र तातडीचा उपाय हाती आला होता. सर्व्हरवर लावलेले आदेश रद्द केले की मशीन पुन्हा डिस्कवरून उठणार होती. तेही न करता मुलांनी आपापल्या वायरी उपटल्या आणि आठच्या बॅचने मराठी तीसचा उतारा सुरू केला. फक्त प्रिंटर गेला, कारण तोही त्याच वायरीवर होता. त्याची बातमी कुणी लावली नाही.

आता मूळ दुखणं. भाच्याला फोटो पाठवलेले होते. ते मी पाहिले. संगणकाच्या बिघाडाचा फोटो काढण्याची आपल्याकडे एक शैली आहे : पडदा तिरका, मध्यभागी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, डाव्या बाजूला अंगठा. या फोटोंत शेवटची ओळ वाचता येत होती आणि तिच्यात फक्त निकाल होता. रूट फाइल सिस्टिम जोडता आली नाही. का आली नाही, हे वरच्या वाहून गेलेल्या ओळींत. बिघाडाची शेवटची ओळ वाचून निदान करणारे लोक मी चाकणलाही रोज पाहतो. ती ओळ नेहमी खरी असते आणि तिचा उपयोग नसतो.

वरच्या ओळी तर वाऱ्याच्या वेगाने जातात. त्या पकडल्या दुसऱ्या बॅचमधल्या एका मुलीने. ती रील करते. डायनासोर गार्डनमध्ये कुंपणापाशी केस उडवत संथ गतीने वळण्याचे तिचे व्हिडिओ आमच्या भागात गाजलेले आहेत. ‘सर, स्लो मोशन लावू का?’ तिने विचारलं. मोबाइल खुर्चीच्या पाठीला टेकवला, मशीन चालू केलं, अक्षरांचा लोंढा चित्रित केला आणि मग बोटाने एकेक चौकट मागे ओढत नेली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी गोगलगायीच्या चालीने सरकत होत्या. प्रोसेसर सापडला, रॅम सापडली, नेटवर्क कार्ड सापडलं. आणि शेवटच्या ओळीच्या बरंच वर एक ओळ : रॅमडिस्क, इमेज टू बिग. पुढे कंसात दोन आकडे, मध्ये तिरकी रेघ, उजवीकडचा आकडा १२७०००.

मला एका क्षणात सगळं उमगलं. दुर्दैवाने ती ओळ सरांनीही वाचली.

‘इमेज मोठी झाली म्हणतंय!’ त्यांनी कपाळावर हात मारला. ‘तरी मी भाच्याला म्हणत होतो, सगळं कोंबू नको.’ त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती विंडोजची इमेज, सजवलेल्या मशीनची, जी वीस जणांवर उतरवायची. ओळीतली इमेज वेगळी होती. पण मी तोंड उघडेपर्यंत सरांनी मूळ मशीन गाठलं आणि हलकं करायला घेतलं. आधी जीटीए गेला. मग डाउनलोडमधल्या पत्रिका, सातबारे, कुणाचे तरी पॅनकार्डाचे फोटो. नंतर कुठल्या तरी लग्नाचा चाळीस जीबीचा व्हिडिओ निघाला. तो कुणाच्या लग्नाचा यावर काही वेळ गेला, कारण नवरा-नवरी ओळखीचे नव्हते पण जेवायच्या पंगतीत सर दिसत होते.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. काकांची हयात टेल्कोच्या टूलरूममध्ये गेली. पिंपरीच्या त्या कारखान्याला टाटा मोटर्स हे नाव लागून जमाना झाला, पण रिटायर माणसं टेल्कोतूनच रिटायर होतात. काकांना संगणकातलं ओ की ठो कळत नाही आणि ते त्याचा न्यूनगंड बाळगत नाहीत. ते खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, ‘काय बदललं रे?’

‘सर्व्हर अपग्रेड केला काका.’

‘तो नव्हे. त्या सर्व्हरमधलं काय काय बदललं, आणि काय जुनंच राहिलं? ड्रॉइंगची रिव्हिजन कुठली आणि फिक्स्चरची कुठली?’

आणि मग त्यांनी भोसरीच्या एका जुन्या वर्कशॉपची गोष्ट सांगितली. गाडीचा एक ब्रॅकेट होता. डिझाइनवाल्यांनी तो थोडा जाड केला, ड्रॉइंगची रिव्हिजन बी ची सी झाली, सगळ्यांना कागद गेला. नवा ब्रॅकेट नव्या मापाने बनला, तपासणीत पास झाला. माल आणणाऱ्याने मोजून घेतला, पास. आणि शॉपवर वेल्डिंगच्या फिक्स्चरमध्ये बसेचना, कारण फिक्स्चर बी रिव्हिजनचं, कपाटाच्या वरच्या फळीवर पडलेलं. त्याच्यासाठी कागदच निघाला नव्हता. ‘पार्ट ओके, ड्रॉइंग ओके, माणूस ओके. आणि लाइन दोन शिफ्ट उभी.’

काकांनी कर्नल कधी पाहिला नव्हता आणि वर्णन तंतोतंत त्याचंच केलं होतं. इमेज मारायची तर हार्ड डिस्क पुसून नव्याने लिहायची, मग काम करणाऱ्याला उभं राहायला डिस्कवर जागा नाही. म्हणून कर्नल रॅममध्येच एक खोटी डिस्क मांडतो आणि इनिट नावाचं बिऱ्हाड तिच्यात उलगडतो. ती फाइल येताना आवळून बारीक केलेली असते, आत आल्यावर फुगते. ही खोटी डिस्क केवढी मांडायची, हे मात्र आधी आकड्याने सांगून ठेवावं लागतं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये वर्षानुवर्षं आकडा होता १२७०००, म्हणजे १२७००० किलोबाइट, सुमारे १२४ एमबी. अपग्रेडमध्ये कर्नल नवा आला, इनिटही नवी आली, तिच्यात जास्त अवजारं, तिचा फुगल्यावरचा आकार जास्त. आकडा तेवढा जुन्या डेटाबेसमध्ये बसून राहिला. इन्स्टॉलर भला माणूस; तो गावातल्यांच्या जुन्या सेटिंगला हात लावत नाही. कर्नल पोचला, ओके. इनिट पोचली, ओके. हे दोन्ही ‘ओके’ फाइल पोचल्याचे होते. ती आत मावेल का, हे विचारायचं काम ‘ओके’ छापणाऱ्याचं नव्हतंच. तो आपल्या हद्दीपर्यंत माल पोचवून केव्हाच निघून गेला होता.

मी सर्व्हरच्या पानावर जाऊन रॅमडिस्कचा आकडा शोधला. सेटिंगच्या त्या जंगलात तो कुठल्याशा टीएफटीपीच्या शीर्षकाखाली लपलेला असतो. १२७००० खोडून २७५००० केलं. नवीन आवृत्त्या हाच आकडा धरून चालतात, साधारण २६८ एमबी. हे करायला लागला वेळ फार तर एक मिनिट. सर जरा नाराज झाले. सकाळपासून एवढे तज्ज्ञ राबले, अर्धा क्लास उघडून ठेवला, रबराचा चुरा फरशीभर पडला, आणि उत्तर निघालं सहा अंकांचं. ‘वायरी बदलायच्या नाहीत का मग?’ त्यांनी विचारलं. इंटरनेटवाल्या मुलाने एव्हाना मीटरचा हिशोब सांगून ठेवला होता.

उपटलेल्या वायरी परत बसवल्या. प्रिंटरला जीव आला आणि सकाळपासून अडकलेले उतारे त्याने एकदम ओकले. जुनी मशीन उठली. कर्नल, ओके. इनिट, ओके. अक्षरांचा लोंढा, आणि त्यानंतर निळी पट्टी सरकू लागली. इमेज उतरत होती. रीलवाल्या मुलीने तेही संथ गतीत टिपलं आणि खाली गाणं टाकलं.

नव्या पिढीच्या मशीनची मात्र वेगळीच तऱ्हा निघाली. ती सकाळपासून गप्प होती म्हणून सगळे त्यांना चांगलं समजत होते. प्रत्यक्षात ती कर्नल पॅनिकपर्यंत पोचलीच नव्हती. त्यांच्यात सिक्युअर बूट चालू होतं, म्हणजे ज्या प्रोग्रॅमवर मान्यताप्राप्त सही नाही त्याला दारातच अडवायचं. क्लासमधल्या फॉगकडे अशी सही कुठून असणार? त्याने आपलं नाव सांगितलं, मशीनने ऐकून घेतलं आणि दार लावलं, ना आरडाओरडा, ना दिवे. जुनी मशीन निदान घाबरून दाखवतात. या नव्या मशीनना घाबरवण्यासाठी एकेकाच्या सेटिंगमध्ये शिरून ते सिक्युअर बूट बंद करावं लागलं. सरांनी त्यावरही शंका काढली, ‘सुरक्षा बंद केली तर व्हायरस येणार नाही ना?’ पार्लरवाल्या ताईंचा मेसेज तोवर शेजारच्या दोन सोसायट्यांत पोचला होता.

भाच्याचा फोन संध्याकाळी फ्रँकफर्टहून आला. मामांनी त्याला अथपासून इतिपर्यंत सांगितलं. तो म्हणाला, ‘पण मामा, इन्स्टॉल झाल्यावर सगळं ओके आलं होतं.’

काकांनी या प्रकरणाचं श्रेय घेतलं आणि त्यांचा हक्कच होता. पण ते तिथे थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेघांची एक जाड वही आणून सरांच्या टेबलावर ठेवली. वहीत पट्टीने चार रकाने आखलेले : तारीख, काय बदललं, का बदललं, कोणी बदललं. वर ठळक अक्षरांत बदल नोंदवही. क्लासमधल्या मशीनला यापुढे कुणीही हात लावला की इथे लिहायचं, आणि दर शनिवारी काका तपासणार. सरांनी पहिली नोंद प्रामाणिकपणे केली. तारीख लिहिली. काय बदललं याखाली ‘रॅमडिस्क १२७००० चे २७५०००’. कोणी बदललं याखाली माझा फ्लॅट नंबर. का बदललं या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, ‘चालत नव्हतं म्हणून.’ पुढच्या शनिवारी काकांनी त्या तीन शब्दांभोवती लाल पेनाने गोल काढला आणि वही परत पाठवली, पुढच्या पानावर एक अट घालून : ‘परवापर्यंत चालू होतं’ असं लिहिलेली नोंद स्वीकारली जाणार नाही.